काही नेम नाही

मराठी भाषेनं माणसाच्या वयाची मोठी थट्टा केली आहे. वयाची चाळिशी आणि नाकावरची चाळिशी या दोन्हींना तिनं एकच शब्द ठेवला. एक लागली की पाठोपाठ दुसरी लागायचीच. मला दोन्ही लागून आता सहा वर्षं झाली. जवळचं बघायला चष्मा लावावा लागतो, लांबचं बघायला काढावा लागतो आणि काउंटरपलीकडचा माणूस धड जवळही नसतो आणि धड लांबही नसतो, म्हणून त्याच्याकडे चष्म्याच्या वरून बघावं लागतं. खातेदाराला वाटतं, हा कारकून आपल्याकडे संशयानं बघतोय. कारकून बिचारा नुसता खातेदार शोधत असतो.

अशा माणसानं नेमबाजीच्या भानगडीत पडू नये, हे कुणीही सांगेल. मी तर स्पर्धाच भरवली. याचं खापर मात्र मी कोल्हापूरवर फोडणार आहे.

तसं सोलापूरकराला कोल्हापूरचं वावडं नाही. फक्त जिथं तिथं त्यांचं नाव आधी येतं, ते जरा खुपतं. चप्पल त्यांची, कुस्ती त्यांची, रस्सा त्यांचा. आमच्याकडे चादर आहे, शेंगाचटणी आहे, पण ऑलिंपिकमध्ये चादरीला कोण विचारतो? नेमबाजीतही तेच. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून रायफल मारण्यात, जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची. २०१८ च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचं सुवर्णपदक घेणारी राही सरनोबत कोल्हापूरची. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं ते स्वप्निल कुसाळेनं, तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा!

पण आमच्या शाखेला त्याच्या गावाशी कर्तव्य नव्हतं. तो रेल्वेत टी.सी. आहे, एवढं कळलं आणि सगळा स्टाफ उभा राहिला. टी.सी. म्हणजे आपलाच माणूस! हजेरी, रजेचा अर्ज आणि महागाई भत्ता यांत मुरलेला. फायनल आपल्या दुपारी एक वाजता सुरू झाली, म्हणून त्या दिवशी लंच टाइमही एकलाच लागला. पात्रता फेरीत ५९० गुण घेऊन तो सातवा होता. फायनलमध्ये गुडघ्यावर बसून मारायची फेरी संपली तेव्हा सहावा, झोपून मारल्यावर पाचवा आणि उभं राहिल्यावर तिसरा. शेवटी ४५१.४ गुण.

‘बघितलंत?’ आमचे मालक म्हणाले, ‘सीनिऑरिटीनं वर गेला. घाई नाही, गडबड नाही. हा खरा क्लार्क.’

मालक म्हणजे आमचे हेडकॅशियर. सोलापुरात मालक म्हणायला कसलीही मालमत्ता लागत नाही. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं आणि रिक्षा असते फायनान्स कंपनीची. आमच्या मालकांच्या हातून रोज लाखोंची रोकड जाते म्हणून त्यांना ते नाव जास्त शोभतं, इतकंच. १९८९ साली नोकरीला लागले. अठ्ठावन्न वय. कॉलेजात एन.सी.सी.चे बेस्ट शॉट, आणि त्याचा कप अजून घरात टीव्हीवर आहे. टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून कप टीव्हीखाली आहे.

‘आपणपण एक स्पर्धा घेऊ या की!’ हे वाक्य त्या दुपारी कोण बोललं, हे नंतर कुणीच कबूल केलं नाही. पण पाच मिनिटांत सगळे तयार झाले, कारण आमच्यातले निम्मे जण एन.सी.सी.तले. पॉइंट टू-टू रायफल, पंचवीस मीटर, पाच गोळ्या. त्या पाच गोळ्या प्रत्येकाच्या आठवणीत पाचही बुलमध्ये लागलेल्या. कॉलेज सोडून जितकी जास्त वर्षं झाली, तितका नेम अचूक. हे व्याज चक्रवाढ पद्धतीनं चढतं.

एकच माणूस काही बोलला नव्हता. आमचा गार्ड. सैन्यातून माणूस कुठल्याही हुद्द्यावरून निवृत्त होवो, आपल्याकडे त्याला ‘मेजर’ म्हणतात. आमचे मेजर बाराबोरची बंदूक घेऊन गेली चौदा वर्षं दारात खुर्ची टाकून बसले आहेत. त्या बंदुकीनं शाखेत एकही बार काढलेला नाही. ती बंदूक पावसाळ्यात लोक छत्री टेकवायला वापरतात. मेजर छत्री उचलून बाजूला ठेवतात आणि छत्रीवाल्याकडे असं बघतात की तो पुढच्या वेळी भिजत येतो.

‘मेजर, पॉइंट टू-टूची स्पर्धा घेतोय,’ मी सांगितलं.

‘कुठं?’

‘शेतात. आपल्या दफ्तऱ्यांच्या. मोहोळ रोडला.’

‘टार्गेटच्या पाठीमागं काय?’

‘शेत.’

‘शेताच्या पाठीमागं?’

‘दुसऱ्याचं शेत.’

‘त्याच्या पाठीमागं?’

आता हा माणूस मला पुण्यापर्यंत नेणार, असं वाटून मी गप्प बसलो. मेजर म्हणाले, ‘सर, ती गोळी पेन्सिलीएवढी जाड नाही, पण दीड किलोमीटर जाती. टार्गेट चुकलं म्हणून खाली पडत नाही ती. कुणाची म्हैस, कुणाचं पोरगं, तिला काय माहीत?’

दुसरा प्रश्न बंदुकीचा होता. आमचे एक द्राक्षबागायतदार खातेदार आहेत. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून हवी असल्यानं ते आमच्या प्रत्येक बोलण्यात सहभागी होतात. त्यांच्याकडे लायसनची पॉइंट टू-टू होती. ‘घेऊन जा की मालक, त्यात काय!’ असं ते म्हणाले. मेजरनी विचारलं, ‘लायसन कुणाच्या नावावर?’ ‘यांच्या.’ ‘मग मारतील हेच. तुम्ही सगळे टाळ्या वाजवा.’ १९५९ चा शस्त्र कायदा लायसन देतो ते एका माणसाला देतो, मित्रमंडळाला देत नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी तर हे ऐकून हातातला कप खाली ठेवला. साहेब पाटण्याकडचे, वय एकतीस, आम्हां सगळ्यांपेक्षा लहान आणि सगळ्यांपेक्षा घाबरट. ‘भाई, पेपर में आएगा, बैंककर्मियों ने चलाई गोलियाँ. मेरा तो करियर गया!’

एक गोष्ट मात्र मला त्या निमित्तानं कळली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या पॉइंट टू-टूच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात. ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोड्याची टाच त्या कडेवर बसते. हे असलं काडतूस १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या एका फ्रेंच माणसानं काढलं, ते कशासाठी? लढाईसाठी नव्हे, शिकारीसाठीही नव्हे. दिवाणखान्यात पाहुणे जमवून, जेवणं झाल्यावर नेम धरायचा खेळ खेळायला! म्हणजे आपल्याकडे जेवणानंतर पत्ते किंवा पानाचा डबा निघतो, तसा तिकडे पिस्तुलाचा डबा निघत असणार. बायकोला हे सांगितल्यावर तिनं आमच्या हॉलमधल्या नव्या पडद्यांकडे बघितलं आणि नुसतं ‘हं’ म्हणाली.

शेवटी एअर रायफलवर तडजोड झाली. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची, वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल असली तर लायसन लागत नाही. ज्यूल हा शब्द मी दहावीनंतर पहिल्यांदाच ऐकला. कॉमर्सचा एक फायदा असा की, पदार्थविज्ञान आयुष्यात परत भेटतं तेव्हा अगदी नवं कोरं भेटतं. दफ्तऱ्यांचा मुलगा कॉलेजकडून नेमबाजी करतो, त्याच्याकडे रायफल होती. मेजर पंच व्हायला तयार झाले, पण अट घातली: ‘माझ्या ऑर्डरशिवाय कुणी बंदुकीला हात लावायचा नाही. साहेबांनीपण नाही.’ साहेबांना ही अट सगळ्यांत जास्त आवडली.

सरावासाठी आम्ही जानेवारीत गड्ड्यावर गेलो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर फुग्यांचे स्टॉल लागतात. संक्रांतीची गर्दी, धूळ, पाळण्यांचे आवाज, भोंग्यावर हरवलेल्या पोरांची नावं, आणि त्यात आम्ही पाच पोक्त माणसं फुग्यांवर बंदुका रोखून उभे. सोनं पारखणारे आमचे शेठ (गोल्डलोनच्या दागिन्यांचं वजन मिलिग्रॅमपर्यंत सांगतात) त्यांनी दहापैकी एकही फुगा फोडला नाही. त्यांनी बंदूक डोळ्यापुढे आडवी धरली, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, ‘नळी वाकडी आहे. अर्धा सूत.’

स्टॉलवाला पोरगा म्हणाला, ‘काका, समोर लहान पोरं फोडलालेत की!’

खरोखरच शेजारची आठ वर्षांची मुलगी एकामागून एक फुगे फोडत होती. तिनं नळीची तपासणी केलेली नव्हती.

मालक गड्ड्यावर आले नाहीत. स्पर्धेत नाव द्यायलाही तयार होईनात. ‘मी हुरड्याचं बघतो,’ म्हणाले. पुढे म्हणाले, ‘मी वर्गणी गोळा करतो.’ बेस्ट शॉटचा कपवाला माणूस वर्गणी गोळा करतो म्हणतोय, याचं सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. कारण मला ते नोव्हेंबरपासूनच माहीत होतं.

नोव्हेंबरमध्ये क्लिअरिंग सेंटरवरून मला फोन आला होता. तुमच्या शाखेच्या एका चेकवरची सही नमुन्याशी जुळत नाही, खातेदाराला विचारून सांगा. स्क्रीनवर खातं उघडलं तर खातेदार माझ्यापासून दहा फुटांवर काचेच्या केबिनमध्ये नोटा मोजत बसलेला. नमुन्याची सही १९८९ ची. पहिलं अक्षर पतंगासारखं वर चढलेलं, शेवटाला झोकदार वळण आणि खाली दोन सरळ रेघा, फूटपट्टीनं मारल्यासारख्या. चेकवरच्या रेघा मात्र सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसून मारल्यासारख्या होत्या.

मी केबिनमध्ये गेलो. आवाज खाली घेऊन विचारलं, ‘मालक, चेक तुमचाच ना?’

त्यांनी प्रिंट बघितली. बराच वेळ बघितली. ‘माझाच आहे. घाईत केली सही.’ मी सेंटरला तसं कळवलं आणि चेक पास झाला. आपल्याच बँकेत, आपल्याच सहीला ‘ही तुमची का?’ असं विचारायची वेळ आमच्या धंद्यात कुणावर येऊ नये. मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. मालक हल्ली चहा कट मागवायचे आणि तोही गार होऊ द्यायचे. कप उचलायचे तेव्हा केबिनमध्ये कुणी नाही ना, ते बघून दोन्ही हातांनी. नोटा मशीन मोजतं, पण बंडलाच्या पट्टीवर सही हातानंच करावी लागते. ती ते संध्याकाळी सगळे गेल्यावर करत बसायचे. घरी सांगितलंय का, डॉक्टरला दाखवलंय का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पस्तीस वर्षं ज्या हातांनी लोकांचे पैसे मोजले, त्या हातांबद्दल माणसाला बोलायला सुरुवात कुठून करायची?

स्पर्धा २६ जानेवारी २०२५ ला ठरली. त्या वर्षी प्रजासत्ताक दिन रविवारी आला होता. हक्काची एक सुट्टी रविवारनं गिळली, याचं दुःख बँकवाल्याशिवाय कुणाला कळणार नाही. तेव्हा निदान दिवस सार्थकी लावू, असा हिशेब. सकाळी शाखेत झेंडावंदन झालं. मेजरनी सॅल्यूट ठोकला. मग आम्ही दोन गाड्यांत बसून शेतावर गेलो. एका डिकीत रायफल, दुसरीत बक्षिसं. पहिलं बक्षीस चादर, दुसरं टॉवेल, तिसरं नॅपकीन. सोलापुरात स्पर्धा कवितेची असो वा कबड्डीची, बक्षिसाचा कारखाना एकच.

शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली. आगटी पेटलेली. दफ्तऱ्यांची आई, वय पंचाहत्तरच्या पुढं, मचाणावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती. तिनं वरूनच विचारलं, ‘बंदूक कशाला आणलालाव?’ मेजरनी तिला सांगितलं की पाखरांना मारणार नाही. ‘मग काय उपेगाची?’ म्हातारी म्हणाली आणि तिनं आमच्यातला रस सोडून दिला.

मेजर मात्र आदल्या दिवशी येऊन सगळं बघून गेले होते. टार्गेट मुरमाच्या उंच बांधाला लावलेलं, आणि बांधापुढे कापसाची जुनी गादी, म्हणजे छर्रा दगडावर आपटून उलटा येणार नाही. दहा मीटरवर फक्कीची रेघ. रेघेच्या पुढे पंचाशिवाय कुणी नाही. अंतर शेठजींनी टेपनं पुन्हा मोजलं आणि चार सेंटिमीटर जास्त आहे म्हणून रेघ पुसून दुसरी मारायला लावली.

टार्गेट म्हणजे आमच्याच बँकेची २०२४ ची शिल्लक कॅलेंडरं, उलटी करून. दहा गुणांचं वर्तुळ रुपयाच्या नाण्याएवढं, आठचं बशीएवढं, पाचचं ताटलीएवढं. खऱ्या दहा मीटरच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. या वाक्याच्या शेवटी जो पूर्णविराम आहे, साधारण तेवढा. आम्ही उदार धोरण ठेवलं. साहेबांना एक शंका आली, ‘कैलेंडर के आगे चेअरमन साहब का फोटो है ना? गोली तो उसी में से जाएगी!’ त्यावर चर्चा होऊन पहिल्या पानाऐवजी जून महिना लावण्यात आला.

मग मेजरनी शिकवलं. बंदुकीला मागं खाच, पुढं टोकाशी माशी, आणि लांब टार्गेट. तिन्ही एका रेषेत आणायचे. ‘डोळा एका वेळी एकच गोष्ट साफ बघतो. माशी साफ दिसली पाहिजे. टार्गेट धुरकट दिसलं तरी चालेल. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, आणि घोडा ओढायचा नाही, दाबत जायचा.’

माझी पंचाईत इथंच झाली. चष्मा लावला की माशी स्वच्छ, पण टार्गेट गायब. नुसती ज्वारी. चष्मा काढला की टार्गेटच्या खालचा ‘जून’ उलटीकडूनसुद्धा वाचता यावा इतका स्पष्ट, पण माशा दोन. चष्म्याच्या वरून बघितलं तर मेजर ओरडले, ‘सर, मान खाली! काउंटर नाही ते!’ माझे पाच छर्रे: आठ, शून्य, पाच, पाच, शून्य. एकूण अठरा. शेतकी अधिकाऱ्यांना सव्वीस मिळाले. साहेबांनी डोळे मिटून घोडा दाबला आणि दहा मिळवले. पुढचे चार छर्रे डोळे उघडे ठेवून मारले आणि ते गादीनं घेतले. शेठजींनी पंधरा मिनिटं नेम धरून एकेक छर्रा मारला आणि नंतर डोळ्याला भिंग लावून टार्गेटपाशी बसले. छर्ऱ्याच्या भोकाची कड वर्तुळाच्या रेघेला शिवली तर जास्तीचे गुण, हा खऱ्या स्पर्धेतला नियम त्यांना कुठून कळला कोण जाणे. त्यांनी स्वतःच्या पाचाचे आठ करून घेतले. दफ्तऱ्यांनी बत्तीस काढले, मुलगा त्यांच्यामागून कानात सांगत होता, त्यावर कुणी तक्रार केली नाही.

आणि मग आमच्या कॅशच्या मॅडम आल्या. एन.सी.सी. नाही, गड्डा नाही, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. खोटी नोट मशीनच्या आधी बोटाला कळते, अशी त्यांची ख्याती. पदर खोचला, रायफल उचलली, मेजरनी सांगितलं तसंच्या तसं केलं. आमच्यातल्या कुणीही सांगितलं तसं केलं नव्हतं, कारण आम्हांला आधीपासून येत होतं. दहा, आठ, आठ, दहा, आठ. चव्वेचाळीस! त्यांनी बंदूक खाली ठेवून विचारलं, ‘झालं? हुरडा गार होतोय.’

‘आता मालक,’ मेजर म्हणाले.

मालक आगटीपाशी कणसं चोळत बसले होते. ‘माझं नाव नाही यादीत.’

‘आहे,’ मेजर म्हणाले. यादी माझ्याकडे होती आणि तीत नाव नव्हतं. पण पंचाशी वाद घालायचा नाही, असा नियम झाला होता. मी चष्मा वर करून यादीत बघितल्यासारखं केलं आणि ‘आहे’ म्हणालो.

मेजरनी बांधाआडून एक भरलेलं पोतं ओढत आणलं. ज्वारीचं. रेघेवर ते आडवं टाकलं, त्याच्यामागं सतरंजी अंथरली. ‘पंचावन्नच्या वरच्यांनी झोपून मारायचं. पोत्यावर हात टेकून.’

‘हा नियम कधी झाला?’ शेठजींनी विचारलं.

‘आत्ता.’

‘ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा व्याज देतो ना आपण, तसं,’ मी म्हणालो.

‘ज्येष्ठ व्हायला मला अजून दोन वर्षं आहेत,’ मालक म्हणाले. पण उठले. माझ्या लक्षात आलं, मेजरची खुर्ची दारात असते आणि तिथून समोर थेट कॅश केबिन दिसते. गार होणारा चहा त्यांनी माझ्या आधीपासून बघितला असणार. पोतंही काल येऊन आधीच बाजूला काढून ठेवलेलं होतं.

मालक सतरंजीवर पालथे झाले. रायफल घेताना नळीचं टोक थरथरत होतं. सगळ्यांना दिसलं. हुरडा खाणारे थांबले. मॅडम कुठंतरी ज्वारीकडे बघायला लागल्या. मेजर त्यांच्या शेजारी बसले, मालकांची डावी मूठ धरून त्यांनी ती पोत्यात दाबली, ज्वारीत खड्डा पडेपर्यंत. मग उजवं कोपर. ‘वजन पोत्याला द्या. बंदूक धरायची नाही, ठेवायची. एन.सी.सी.त काय शिकवलेलं?’

‘लेट के पोजिशन,’ मालक पुटपुटले.

नळी हळूहळू स्थिर झाली. अगदी थांबली असं नाही, पण पोत्यावर विसावली. पहिला छर्रा गेला. बऱ्याच वेळानं दुसरा. मधे मचाणावरून म्हातारीचा गोफणीचा दगड सणकन गेला, तरी मालक हलले नाहीत. पाच छर्ऱ्यांना दहा मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणी एक विनोद केला नाही. ही आमच्या शाखेच्या इतिहासातली एकमेव नोंद असावी.

शेठजी भिंग घेऊन गेले. पाचही छर्रे डाव्या बाजूला, खाली, ताटलीच्या आत आणि बशीच्या बाहेर. पाच पंचे पंचवीस. कुणाला काय बोलावं कळेना. शेठजी टार्गेट काढून घेऊन आले, खिशातून रुपया काढला आणि त्या पाच भोकांवर ठेवला. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली.

‘हे बघा,’ मेजर म्हणाले, ‘याला ग्रुपिंग म्हणतात. एवढं बारीक ग्रुपिंग आज कुणाचं नाही. मॅडमचंपण नाही. झोपून मारलं की बंदूक जागा बदलती, साइट परत बसवावी लागती. ते बंदुकीचं काम. दोन काटे उजवीकडं, तीन वर, की दहा-दहा-दहा.’

‘मग गुण वाढवायचे का?’ मी विचारलं.

‘गुण पंचवीसच,’ मालक उठत, गुडघे झटकत म्हणाले. ‘लेजरमध्ये खाडाखोड नको.’ पण टार्गेट त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

चादर मॅडमना गेली. टॉवेल दफ्तऱ्यांना. नॅपकीन शेठजींना, सत्तावीस गुणांवर, शेतकी अधिकाऱ्यांपेक्षा एक जास्त. तो कुठून आला ते भिंगालाच माहीत. शेतकी अधिकारी अजून त्यांच्याशी तुटक बोलतात. जाताना साहेबांनी म्हातारीला विनंती करून गोफण चालवायला मागितली. दगड त्यांच्याच गाडीच्या दिशेनं गेला. मग म्हातारीनं खाली उतरून, पदर सावरून, बांधावरच्या जून महिन्याला एक दगड घातला. कॅलेंडर काठीसकट आडवं झालं. गुण द्यायला काही उरलंच नाही.

हिशेब मी ठेवला होता. सात जणांची वर्गणी प्रत्येकी तीनशे, जमा एकवीसशे. छर्रे, बक्षिसं, हुरड्याचे, ताकाचे, गूळ, शेंगदाणे धरून खर्च दोन हजार एकशे सात. सात रुपये कुणी जादा घातले ते सापडेना. ते मी सस्पेन्समध्ये टाकले आणि बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस शेजारी असताना हे करू नये, हे मला लगेच कळलं. मालकांनी संध्याकाळी गाडीत बसून सगळ्या पावत्या पुन्हा मोजल्या. लिंबाचे सात रुपये त्यांनीच दिले होते.

सोमवारी सकाळी, व्यवहार सुरू व्हायच्या आधी, मालक केबिनचं दार उघडून माझ्या काउंटरला आले. खातेदाराच्या बाजूनं.

‘फॉर्म दे.’

‘कसला, मालक?’

‘सही बदलायचा. आणि बुधवारच्या रजेचापण. डॉक्टरकडं जायचंय. मुलगा येतोय बरोबर.’

मी दोन्ही फॉर्म दिले. त्यांनी केबिनमधून दहाच्या नोटांची दोन बंडलं आणली, एकावर एक ठेवली, त्यावर मनगट टेकवलं आणि डाव्या हातानं ते दाबून धरलं. श्वास अर्धा सोडला. नमुन्याच्या तीन चौकटी असतात. तिन्ही भरायला त्यांना बराच वेळ लागला. मागं दोन माणसं पासबुकं घेऊन उभी राहिली होती, तीही काही बोलली नाहीत. खालच्या दोन रेघा त्यांनी या वेळी मारल्या नाहीत. वळण गेलं होतं. पतंगाची दोरी बरीच खाली आली होती.

‘जुळतात का एकमेकींशी?’

मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. काय सांगावं ते कळेना. मालकांनी कागद उचलला आणि दाराकडे वळून मेजरना हाक मारली. मेजर बंदूक काखेत घेऊन आले, तिन्ही सह्यांवरून एकदा नजर फिरवली.

‘ग्रुपिंग ठीक आहे,’ म्हणाले, आणि परत दारात जाऊन बसले.

मी कागद स्कॅनरवर ठेवला.